नव्या चेनचं माप

मुलाला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी म्हाताऱ्याची सायकल विकायचं ठरलं. म्हाताऱ्यानं जन्मभर सायकली दुरुस्त करून घर चालवलं होतं. आता कमरेखाली लुळा. बाहेरच्या खोलीत त्याची खाट, आणि खाटेला टेकून त्याची पहिली सायकल. हात लांब केला की सीट हाताला लागायची.

“मी जाईपर्यंत राहू द्या,” एवढंच तो म्हणाला होता.

“आणि दोन पाळणे कुठं टांगू? तुमच्या छातीवर?” मुलगा म्हणाला.

जुन्या सायकली जमवणारं एक गिऱ्हाईक दुपारी येणार होतं. त्याची अट एकच. चालवून बघीन, नीट चालली तर नेईन. जुनी चेन गंजली होती. मुलानं नवी आणली, ती लांब निघाली. दोन्ही हातांत लोंबवत तो खाटेजवळ आला.

“बाबा, किती तोडायची?”

म्हाताऱ्यानं हात लांब करून सीटवर ठेवला.

“जुनी खिळ्याला टांग. शेजारी नवी टांग. जुनी संपेल तिथं नवी तोड.”

लेक दारात उभी होती. भाच्यांना बघायला माहेरी आलेली. लहानपणी ती दुकानात बसून पाने हातात द्यायची, म्हणून बाप तिला फोरमन म्हणायचा. तिनं बापाकडे पाहिलं. बापानं डोळे मिटून घेतले.

“थांब रे,” ती भावाला म्हणाली. “जुनी चेन वापरून लांबलेली असते. तिच्या मापानं तोडलीस तर नवी सैल बसेल. जोरात पेडल मारलं की उतरेल.”

“मग बाबा असं कसं सांगतात?”

“वय झालं त्यांचं.”

तिनं पदर खोचला. मागचं चाक खाचेच्या मध्यावर आणलं, चेन दोन्ही चक्रांवरून फिरवून घेतली, टोकं भेटली तिथं खडूची खूण केली. पिन ठोकून काढली, कडी जोडली. पेडल हातानं फिरवून पाहिलं. कुठं खरखर नाही.

भाऊ कपडे बदलायला आत गेला. ती खाटेशी आली.

“खोटं माप सांगितलंत.”

“कळलं होतं ना? मग गप्प बसायचं.”

“गिऱ्हाईकासमोर चेन उतरली असती, बाबा. एवढ्या मोठ्या कारागिराच्या घरची सायकल, आणि धड चेन बसवता येत नाही! तुमचं नाव गेलं असतं.”

“नाव?” म्हातारा म्हणाला. “नाव उशाला घेऊन निजू का?”

गिऱ्हाईक गल्लीच्या टोकापर्यंत चक्कर मारून हसतच परत आलं.

“झकास! चेन कुणी बसवली?”

“आमच्या बाबांनी,” मुलगा म्हणाला.

सायकल संध्याकाळच्या आत गेली. म्हातारा त्याच महिन्यात वारला. मुली अजून पालथ्या पडायला लागल्या नव्हत्या.