द्विनमधलं शेवटचं घर

द्विन ही आर्मेनियाची राजधानी होती, तेव्हा मुशेगच्या पूर्वजांनी रंगवलेली लाल लोकर राजवाड्यात जायची. पुढे राजे गेले, भूकंप झाला, उरलंसुरलं मंगोलांनी जाळलं. माणसं शहर सोडून गेली. राहिले फक्त मुशेग, त्याची बायको मामकान आणि त्यांचं पोरगं.

"आता भिंतींना विका लोकर," मामकान टोमणा मारायची. मुशेग हलायला तयार नव्हता.

मग पोरगं तापाने गेलं. कबर खणायला दुसरा माणूस मिळाला नाही. तेव्हा कुठे मुशेगने सामान बांधलं.

भर दुपारी दोघं वेशीबाहेर पडली. थोडं पुढे गेल्यावर मामकानने मागे वळून पाहिलं. छपरं उडालेल्या घराघरांतून चुलीचा धूर निघत होता.

"आपण जायचीच वाट बघत होते मेले," ती कडवटपणे म्हणाली.

मुशेगने कान टवकारले. त्यांच्याच घरातून एक बाई हाक मारत होती.

"अहो, जेवायला चला. पोरगं खोळंबलंय."

आवाज मामकानचा होता. मामकान त्याच्या शेजारी उभी होती, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून.

मुशेगने पाठीवरचं गाठोडं खाली ठेवलं.

"आलो," तो म्हणाला.