सहाचा तोफगोळा

१९१६ साली बेल्जियममधल्या आमच्या खंदकावर समोरचे जर्मन रोज संध्याकाळी बरोबर सहाला तोफ डागायचे. त्यांच्या साहेबांना आवाज ऐकू गेला की झालं. आम्ही सहाला पाच कमी असताना भुयारात शिरायचो आणि साडेसहाला वर येऊन चहा प्यायचो. मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी मात्र गोळा पाचला आला. माझा दोस्त सेड्रिक उघड्यावर दाढी करत होता. अर्ध्या दाढीनिशीच त्याला पुरला.

वीस वर्षांनी त्याच गावातल्या खानावळीत त्या तोफेवरचा ओटमार भेटला. बियर त्याच्यापुढे सारत मी विचारलंच, "काय रे, त्या दिवशी दगा का दिलात?"

"दगा कसला?" तो खरंच दुखावला. "आम्ही सहालाच डागली. त्या दिवसापासून सरकारनं आमच्या देशातली सगळी घड्याळं तासभर पुढे केली होती."

 

त्यानं बियरचा घोट घेतला. "तुम्हाला कळवायचं तेवढं राहून गेलं."