एका विद्यार्थिनीचा वर्ग

धम्मशीला वर्गाच्या दाराशी आली तेव्हा वानखडे सर फळा पुसत होते. एरवी ती सरळ आत येऊन पहिल्या बाकावर बसायची. आज दारातच उभी राहिली. आधी सांगून टाकायचं, असं ती एस्टीत बसल्यापासून ठरवत आली होती.

मलकापूरच्या त्या कॉलेजात माहिती तंत्रज्ञानाचं एम.टेक. करणारी ती एकटीच उरली होती. बरोबरचे एकेक करून पुण्याला, नागपूरला नोकरीवर गेले. शिकवणारेही गेले. राहिले ते वानखडे सर. निवृत्तीनंतरही कॉलेजनं त्यांना मुदत वाढवून ठेवून घेतलेलं. शेगावहून पॅसेंजरनं यायचे, दुखरे गुडघे सांभाळत जिना चढायचे आणि रिकाम्या बाकांसमोर एकटीला शिकवायचे. ती धामणगाव बढ्याहून यायची, घरचं सगळं आवरून, मुलीला सासूजवळ ठेवून. वर्गात आल्यावर दोघांनाही आधी थोडा वेळ नुसतं बसून राहावं लागायचं.

तिचा प्रबंध वऱ्हाडी बोलीवर होता. माणसानं फोनशी बोलावं आणि फोननं ते जसंच्या तसं लिहून काढावं, एवढंच. पण असली यंत्रं पुण्याकडची मराठी ऐकून शिकलेली. गावातल्या बायांचं बोलणं त्यांना कळायचं नाही. धम्मशीलानं ओसरीओसरीवर बसून आवाज गोळा केले, एकेक वाक्य ऐकून टाइप केलं, यंत्राला शिकवलं. यंत्र काही शिकत नव्हतं. एक चूक दुरुस्त करावी तर दुसरी निघायची. आता तर तिला त्या आवाजांचाच कंटाळा आला होता.

त्यात मेहकरच्या सरकारी कार्यालयात तिची निवड झाली. संगणक विभागात, कायमची जागा. एम.टेक.ची गरज नाही. सोमवारी हजर व्हायचं. घरात सगळे खूश होते. पण सरांना सांगायला तिची जीभ उचलत नव्हती. ऑफिसातल्या गोकुळ क्लार्कचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. "ती मॅडम हाय म्हणून एम.टेक. चालू हाय, अन् एम.टेक. चालू हाय म्हणून सर हायेत. ती गेली का कुलूप." या वयात माणूस एवढा जीव काढून येतो, म्हणजे त्याला वर्गाशिवाय करमत नसणार, असं तिला वाटायचं. मग ती पुन्हा दुसऱ्या दिवशी एस्टीत बसायची.

"सर, मले सांगायचं होतं." वर्गात ती नेहमी पुस्तकी मराठी बोलायची. आज जमलं नाही. "मी सोडून राह्यली. मेहकरले नोकरी लागली."

सरांनी डस्टर ठेवलं. खुर्ची ओढून ते सावकाश बसले आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं.

"आधीच काऊन नाही सांगतलं?"

"तुमचा वर्ग बंद पडन म्हणून."

"माझा?" सरांनी डोळे उघडले. "अव, मी तं कवाचा घरी बसाले पाहून राह्यलो. डॉक्टरनं जिना बंद सांगतला. पण इथं दुसरा गाइड नाही. मी गेलो असतो तं तुई पदवी गेली असती. तुयासाठी येऊन राह्यलो मी, बाई."

"अन् मी तुमच्यासाठी."

ती बाकावर बसली. हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीला अंगात त्राण नव्हतं. कितीतरी सकाळी दोघांनी एकमेकांसाठी ओढत आणल्या होत्या, आणि त्या कोणालाच नको होत्या.

"झालं ते झालं," सर म्हणाले. "ऑफिसात मी बोलतो. तू सोमवारी जा. मलेही आता निजू दे."

कोपऱ्यातल्या संगणकावर कालपासून यंत्राची एक चाचणी लावलेली होती. तो बंद करावा म्हणून ती उठली. निकाल आला होता. बंद करण्याआधी तिनं सवयीनं वाचला.

शेजारच्या तानाबाईचं वाक्य होतं. आज नळाले पाणी काऊन नाही आलं व? यंत्रानं ते अक्षर न अक्षर बरोबर लिहिलं होतं, 'का'च्या जागी वऱ्हाडी 'काऊन'सुद्धा. असं पहिल्यांदाच घडत होतं. तिनं खाली पाहिलं. पुढच्या वाक्यात तानाबाई मिरच्या वाळत घालण्याबद्दल बोलत होती, तिथंही मध्येच 'काऊन'. तानाबाई खोकली, तर यंत्रानं लिहिलं, काऊन. मागे बकरी ओरडली. काऊन.

"सर, हे पाहा बरं."

सर उठून आले. चष्मा वर करून त्यांनी वाचलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सरांना हसताना तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"एक शब्द काय आला, बकरीच्या तोंडात बी घातला यानं."

"पण तानाबाईचं बरोबर ऐकलं, सर."

"हाव. ऐकलं खरं." सर स्क्रीनपाशी वाकले. "हा शब्द आपण जास्तच ऐकवला असन याले. नुसता खोकला, नुसती बकरी, असे आवाज वेगळे काढून दिले तं?"

"अन् तिथं काहीच लिहू नको म्हणून शिकवलं तं?"

सर खडू घेऊन फळ्याकडे गेले. एक चौकट काढली, तिला बाण जोडला. ती बाजूला उभी राहून सांगत होती, ते लिहीत होते. मध्येच त्यांचा हात थांबला. त्यांनी खडू खाली ठेवला, बोटं झटकली.

"पण आता काय उपयोग? तू तिकडं मेहकरले, मी शेगावले घरी. पदवी तं काही मिळत नाही."

"ठाऊक हाय."

तिनं सगळे आवाज पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. संगणक बंद केला. फळ्याचा फोटो काढला आणि पर्स खांद्याला लावली. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"सर, रविवारी मेहकरहून शेगावले पहिली एस्टी किती वाजता निघते?"