पिवळ्या हातांचा राक्षस

तिसरा आवाज आला तेव्हा शरयूने बाळाला छातीवरून सोडवलं. भिंतीपलीकडे लाकूड बसलं होतं. जमिनीवर नाही, अंगावर. तो फरक आता तिला कळायला लागला होता.

एकाहत्तरचा डिसेंबर. लढाईपायी जबलपूरचा कारखाना रात्रंदिवस चालू होता. क्वार्टरमधला कोणता पुरुष कधी घरी असेल, नेम नव्हता. शेजारचा मुरलीधर तोफगोळ्यांत दारू भरायचा. त्या भुकटीने त्याचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते, कपाळावरचे केस तांबूस. बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याची बायको विनता मात्र लाघवी. शरयूच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू तिनेच पुरवले होते.

आणि त्यांची पोर प्रतिमा, सहा वर्षांची. पाठीवर वळ घेऊन रोज दुपारी गोष्ट ऐकायला यायची. कोणी मारलं विचारलं की म्हणायची, "पडली मी."

कालच तिने विचारलं होतं, "काकू, जादू राजाजवळ असते का राक्षसाजवळ?"

"दोघांजवळही."

"मग ओळखायचं कसं?"

"सोपं आहे. राजाच्या जादूने तलवार चमकते. राक्षसाच्या जादूने त्याचंच अंग रंगतं. हिरवं, निळं, पिवळं. दुरूनच कळतं."

"अन् राजा काय करते मग?"

"मुंडकं उडवतो."

प्रतिमा फ्रॉकची शिवण उसवत बसली. मग हळूच म्हणाली, "माझे बाबा पिवळे आहेत."

शरयूने तिला पोटाशी धरलं. आता आणखी काय विचारायचं?

चौथा आवाज. पोरीची किंकाळी. पाठोपाठ मुरलीधरचं ओरडणं, "सोड तिला! सोड म्हणतो ना!"

दुसऱ्यांच्या घरच्या भांडणात आपण पडू नये, असं शरयूचा नवरा दोनदा म्हणाला होता. दोनदा तिने ऐकलं होतं. तिने बाळाला पाळण्यात ठेवलं आणि खलातला लोखंडी बत्ता उचलला.

शेजारचं दार नुसतं लोटलेलं होतं. मुरलीधरच्या एका हातात चुलीतलं लाकूड होतं. दुसऱ्या पिवळ्या हाताने त्याने विनताचं मनगट पिरगाळलं होतं. प्रतिमा कोपऱ्यात, कानातून रक्त गळत होतं.

"ताई, वाचवा," विनता म्हणाली.

पहिला घाव खांद्यावर बसला. तो वळला.

"वहिनी, तुम्ही घरी जा."

इतक्या शांतपणे म्हणाला की शरयूचं डोकंच फिरलं. दुसरा घाव कानशिलावर. तो गुडघ्यांवर आला, एक हात वर केला, पण तिच्यावर उगारला नाही. तिसऱ्या घावाला कवटी फुटली. ते तिला स्वतःच्या मनगटात जाणवलं. चौथा तिने मारायला नको होता, तरी मारला. फरशीवर रक्त पसरत तिच्या पावलांशी आलं, कोमट.

तिला आतून हलकं वाटत होतं. कोणीतरी हे करायलाच हवं होतं.

विनताने डोळे पुसले, पदर सारखा केला. "लई उपकार झाले, ताई. बाळ रडून राहिलं तुमचं. जा तुम्ही."

शरयू प्रतिमाजवळ बसली. "भिऊ नको गं, राणी. संपला राक्षस."

पोरगी तिच्याकडे आली नाही. सरपटत बापाच्या अंगाआड जाऊन बसली, आणि तिथूनच म्हणाली, "काकू, आता आईला कोण धरून ठेवणार?"