गेटवरची किल्ली

आमच्या कारखान्याचं सॉफ्टवेअर मेलं एका लाइनवरच्या सगळ्यांना एकाच पाळीत घालतं. दर महिन्याला मी त्याच्याशी भांडून तुळशीराम आणि त्याच्या बायकोला बारा-बारा तासांच्या वेगवेगळ्या पाळ्या लावायचे, कारण अंथरुणाला खिळलेल्या लेकीला फार वेळ एकटं ठेवता यायचं नाही. पाळी बदलताना ते गेटवर एकमेकांच्या हातात घराची किल्ली द्यायचे. तेवढीच काय ती त्यांची भेट.

लेकीचं तेरावं उरकून दोघं माझ्या टेबलापाशी आले.

“मॅडम, आता एकाच पाळीत टाका,” बायको म्हणाली. “त्या घरात एकटीला बसवत नाही.”

सॉफ्टवेअरने लावलेलं मी तसंच राहू दिलं.

पहिल्या दिवशी पाळी सुटल्यावर दोघं सोबत बाहेर पडले. गेटपाशी तुळशीरामने सवयीने किल्ली काढून तिच्या हातात ठेवली, आणि पुन्हा आत जायला वळला.