शिळं पाणी

“मेला का गं तुझा माणूस?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“मेला, आत्या,” उत्कर्षा म्हणाली.

“कशानं?”

“तहानेनं.”

“चारी बाजूंनी पाणी, नि तहानेनं मेला! शाब्बास रे पठ्ठ्या!”

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक दाढीवाला वाळूत आडवा पडला होता. बोट बुडाली म्हणून तो निर्जन बेटावर आला होता. समुद्राचं पाणी प्यायला तर मरतो, काहीच नाही प्यायला तरी मरतो. गोडं पाणी शोधून त्याला जहाज येईपर्यंत जगवायचं, एवढाच तो गेम. पुण्याची एक कंपनी तो बनवत होती आणि बाजारात आणण्याआधी खेळून बघायचं काम उत्कर्षाकडे होतं. घरबसल्या. हे काम आहे असं घरात एकटी तीच म्हणायची. तिच्या सासूबाई, म्हणजे या शकुंतलाबाई, गल्लीभर सांगत सुटायच्या, “सून व्हय? खेळती की दिवसभर!” आणि गल्ली फिदीफिदी हसायची. गल्लीला तरी दुसरा उद्योग काय!

बाईंनी आपल्या भावाला, धनाजीला सांगून त्याच्या कॉलेजात सुनेसाठी क्लार्कची जागा धरून ठेवली होती. येणार की नाही, ते आज कळवायचं होतं. उत्कर्षाला ती जागा नको होती. हे काम तिनं स्वतः मिळवलं होतं, तिचा त्यावर जीव होता. पण उठता-बसता टोमणे खाऊन माणूस किती दिवस तग धरणार?

“सोलापुरात राहून पाणी हुडकायला कॉम्प्युटर लागतोय हिला,” बाई म्हणाल्या. “अगं, निम्मं आयुष्य माझं पाण्यामागं गेलं. मला इचार की!”

उत्कर्षाचं डोकं सणकलं. “मग तुम्हीच जगवून दाखवा त्याला. जहाज येईपर्यंत जगला, तर मी मामांच्या कॉलेजात जाते. मेला, तर त्या जागेचं नाव काढायचं नाही.”

“बघ हां. मागनं रडायचं न्हाय.”

बाई पदर खोचून खुर्चीत बसल्या. कुठलं बटण कशाला, ते उत्कर्षानं दाखवलं. घटकाभरात आटपेल, असं तिला वाटलं होतं. कसलं काय! बाईंनी समुद्राकडे ढुंकून पाहिलं नाही. “खारट मेलं. त्याच्या नादाला कोण लागतं?” दाढीवाल्याला त्यांनी आधी सावलीला नेलं. “पळू नकोस मुडद्या, घाम येईल.” मग एका कड्याखाली शेवाळ दिसलं. “हितं हिरवं हाय. म्हंजे पाणी हाय.” खरंच कपारीतून थेंब थेंब गळत होतं. किनाऱ्यावर वाहून आलेलं पिंप त्याखाली लावलं, वर शिडाचं फडकं बांधलं. एक भरलं. दुसरं लावलं. मग तिसरं. तोंडाचा पट्टा चालूच. जहाज बनवणाऱ्याची अक्कल काढून झाली, गेम बनवणाऱ्याची काढून झाली, शेवटी दाढीची पाळी आली.

तिन्ही पिंपं काठोकाठ. बेटावर आता एकच दिवस काढायचा होता, मग जहाज येणार होतं. कॉलेजातली फायलींनी भरलेली खोली उत्कर्षाला दिसायला लागली आणि आपण रागाच्या भरात काय बोलून बसलो, म्हणून तिला रडू यायला लागलं.

तेवढ्यात बेटावर ढग दाटले. बाईंनी दाढीवाल्याला उठवलं आणि पहिलं पिंप वाळूत उपडं केलं.

“आत्या! ओतताय काय?”

“पाऊस येतोय, दिसंना व्हय? ताजं मिळत असताना शिळं कोण पितंय?”

आता बोला! सोलापुरात चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं, त्या दिवशी घरोघरी हेच चालतं. आदल्या रात्रीपर्यंत जे पाणी तांब्या-तांब्यानं पुरवलं, शेजारणीनं मागितलं तर नाही म्हटलं, तेच सकाळी नळ नुसता फुसफुसला की मोरीत. शिळं झालं म्हणे! धरणात वर्षभर पडून असतं ते ताजं, आणि आपल्या हंड्यात आलं की नासतं.

उत्कर्षानं गप्प बसायचं होतं, बस्स. पण तिला राहवलं नाही.

“आत्या, ऐका. इथं ढग येतात, पण दर वेळी पडत नाहीत. एक पिंप तरी ठेवा.”

“मला फसवतीस व्हय? मी जिंकाय लागले म्हणून?” बाईंनी दुसरं ओतलं. तिसरंही ओतलं. वर तिन्ही पिंपं वाळूनं घासून घेतली. स्वच्छता म्हणजे स्वच्छता!

ढग आले, काळे झाले, आणि निघून गेले. दाढीवाला रिकाम्या पिंपांपाशी उभा राहिला. कपारीतलं पाणी थेंब थेंब पडत होतं, पण तेवढ्यानं काय होणार? तो बसला. मग आडवा झाला. जहाज आलं तेव्हा त्याला हाक ऐकू येत नव्हती.

“गेमच लबाड हाय,” बाई म्हणाल्या.

मग त्या सुनेकडे वळल्या.

“तू गप बसली असतीस तरी जिंकलीच असतीस की. मी ऐकलं असतं तर हरली असतीस. मग कशाला सांगितलंस?”

“माणूस कुठं चुकून मरतो ते शोधायचं आणि आधी सांगायचं,” उत्कर्षा म्हणाली. “हेच तर करते मी दिवसभर, आत्या.”

बाई उठल्या, बाहेर गेल्या. अंगणात उभं राहून त्यांनी भावाला फोन लावला. त्यांचा आवाज काय, फोन नसता तरी पोचला असता.

“धनाजी, ती जागा दुसऱ्या कुणाला दे बाबा. न्हाय, यायची न्हाय ती.” मग पलीकडून काहीतरी आलं आणि बाई कडाडल्या, “दात काय काढतोस? नोकरी हाय तिला!”