योरुनची करवत

या, थोडे जवळ सरका, एका लाजेची गोष्ट सांगतो. नॉर्वेतल्या आमच्या गावात चर्चच्या शेगडीसाठी सगळे मिळून लाकडं कापत होते. खांदा निकामी होत चाललेल्या ओडवारनं यंदा पेट्रोलवरची हलकी करवत घेतली होती.

"काय रे, शिवणयंत्र आणलंस?" सगळे खो खो हसले.

"माझी नाही, बायकोची आहे!" ओडवार बोलून गेला.

कॉफी घेऊन आलेल्या योरुननं ते ऐकलं. नवऱ्याकडे एकदा पाहून ती म्हणाली, "हो, माझीच."

"मग चालवा की वहिनी!"

तिनं किटली खाली ठेवली, त्याच्या हातून करवत घेतली आणि त्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, "सुरू करायला दोरी कुठली ओढायची रे?"

मंडळी, नवऱ्याची लाज अशी आपल्या अंगावर घेणाऱ्या योरुनची प्रार्थनेत आठवण ठेवा.